आमचा धूर कोणाच्या दारी?

घरातील एखादी पीडा बाहेर घालविली म्हणजे आपण तिच्यापासून मोकळे झालो, असे मनुष्यास सहज वाटते. केर दाराबाहेर लोटला, सांडपाणी कुंपणापलीकडे सोडले, की आपले मन निश्चिंत होते. परंतु जे आपल्या घरातून गेले ते खरोखर नाहीसे झाले, की दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊन बसले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हीही तो कधी विचारला नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका चुलीने तो आम्हांस विचारावयास लाविला. विषय लहान आहे. तथापि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजही चूल पेटत असल्यामुळे तो त्यांच्यापुढे मांडावा, असे आमच्या मनात आले.

आमचे बहुतेक आयुष्य शहरात गेले. चुलीवरचे अन्न आम्ही अनेकदा जेविलो, परंतु चुलीचे मालक कधी झालो नव्हतो. रत्नागिरी तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरच्या पाली गावी जांभ्या चिऱ्यांच्या व मंगळुरी कौलांच्या एका जुन्या घरात राहावयास आल्यावर तो योग आला. घरात गॅसची शेगडी होतीच. परंतु भोवतालच्या आंबा-काजूच्या छाटलेल्या फांद्या, नारळीच्या वाळलेल्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या ह्यांचा परसात ढीग पडलेला असता स्नानाचे पाणी आणि भाताचे मोठे भांडे सिलिंडरवर तापवावे, हे आम्हांस उधळपट्टीचे वाटू लागले. सन २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गरिबांच्या पुष्कळ घरी गॅस गेला. तरी सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च झेपत नाही म्हणून लाकडाची चूल खेड्यांतून विझलेली नाही, हे आमचे वाचक जाणतातच.

चूल घालावयाची तर ती निर्धूर असावी, असा आमचा आग्रह होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सन २०२० मध्ये घरातील अशा धुरामुळे सर्व जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मरण पावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लक्षांहून अधिक होती. हे वाचून आम्ही गावातील एका गवंड्यास बोलाविले. त्याने माती, भाताचा तूस व शेण कालवून दोन तोंडांची चूल घातली. पुढच्या तोंडावरील भांड्यास जाळ लागावा, उरलेली धग आतल्या बोगद्यातून मागच्या भांड्याखाली जावी, आणि तेथून धूर नळीवाटे बाहेर पडावा, अशी तिची रचना होती. नळी कौलांतून वर काढून आढ्याच्याही वर न्यावी, असे गवंड्याने सांगितले. परंतु मृग नक्षत्र तोंडाशी आले होते. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे ऐन वेळी कौले उसकटण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. "भिंतीतूनच बाहेर काढ," असे आम्ही त्यास सांगितले, आणि त्याने आमच्या पूर्वेच्या भिंतीस भोक पाडून नळी तेथून काढिली.

पहिले चार दिवस फजितीचे गेले. धूर नळीत न जाता चुलीच्या तोंडातूनच परत येई आणि आमचे डोळे चुरचुरत. आम्ही फुंकणी घेऊन फुंकीत बसावे, तो राख आमच्याच तोंडावर उडावी. अखेर आमच्या कुटुंबाने युक्ती शोधून काढिली. नळी थंड असता ती धूर ओढीत नाही. म्हणून आधी सुक्या सोडणाचा लहानसा जाळ करून ती तापवावी, दोन्ही तोंडांवर भांडी नीट बसवावी, आणि मग लाकूड घालावे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व आपल्यामागे धूर ओढून नेते, इतकेच त्यातील मर्म होते. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात दिवसाउजेडी कौले दिसू लागली. भिंतींस आम्ही चुना दिला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकास आमची निर्धूर चूल अभिमानाने दाखवू लागलो.

आमच्या घराच्या पूर्वेस, सात-आठ हातांवर, एका वृद्ध बाईचे घर आहे. त्या एकट्याच राहतात. आषाढातील एके दिवशी त्या अळूची पाने घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही नेहमीप्रमाणे चुलीचे कौतुक सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि जाता जाता म्हटले, "तुझ्या सैपाकघरात उजेड झाला, चांगलं झालं बाबा. पण माझ्या पडवीत आता दुपारीच दिवेलागण होते."

त्या गेल्यावर आम्ही बाहेर जाऊन पाहिले. नैर्ऋत्येचा वारा आमच्या नळीतील धूर सरळ त्यांच्या पडवीत नेत होता. त्यांच्या भिंतीवर काजळीचा पट्टा उमटला होता. पावसात बाहेर वाळत घालता येत नाहीत म्हणून पडवीतील वलणीवर घातलेली त्यांची लुगडी धुरकटली होती. रात्री त्यांच्या घरातून जो खोकला ऐकू येई, तो म्हातारपणाचा आहे असे आम्ही आजवर समजत होतो.

येथे आम्ही आमच्या मनाची स्थिती लपवून ठेवीत नाही. लाज वाटण्यापूर्वी सबबीच सुचल्या. त्या तीन होत्या, आणि त्या बहुतेक माणसांच्या असतात म्हणून त्यांची येथे तपासणी करितो.

पहिली सबब अशी, की त्या बाईंच्या घरीही चूल आहे. त्यांचा स्वतःचा धूर काय थोडा आहे? परंतु त्यांच्या चुलीच्या धुराबरोबर त्यांचा भात शिजतो. आमच्या धुरावर त्यांचे काहीच शिजत नाही. ज्या श्रमाचे फळ आपणांस मिळते त्याचा त्रास मनुष्य सोशीत असतो. परंतु फळ एकाने घ्यावे आणि त्रास दुसऱ्याने भोगावा, ह्यास न्याय म्हणता येत नाही. शिवाय जो आधीच ओझ्याखाली वाकला आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे ठेवण्यास त्याचे पहिले ओझे हे कारण कसे होऊ शकेल?

दुसरी सबब अशी, की नळी आमच्या भिंतीत आहे आणि भिंत आमच्या जागेत आहे. हे खरे. परंतु सातबाऱ्यावर जमिनीची हद्द लिहिलेली असते, वाऱ्याची नसते. आपला हक्क भिंतीशी संपतो आणि आपल्या कृत्याचा परिणाम भिंतीपलीकडे जातो. ह्या दोहोंमधील जी जागा, तिच्यातच शेजारधर्म राहतो. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्यास जो दाखला सांगण्यात आला तो वाचकांस पाठ आहे. त्या दाखल्यात शेजारीपण कुंपणावरून ठरलेले नाही.

तिसरी सबब सर्वांत गोड होती. धूर थोडासा, आकाश मोठे, वाऱ्याने तो विरून जाईल. हिचे उत्तर आम्हांस आमच्या आळीत नव्हे, तर मोठ्या राष्ट्रांच्या इतिहासात मिळाले. लंडन शहरात घरोघरी दगडी कोळशाची शेगडी असे, आणि प्रत्येक शेगडीस धुराडे असे. प्रत्येक कुटुंबाची खोली स्वच्छ राही, आणि प्रत्येकास वाटे की आपला धूर तो केवढा! सन १९५२ च्या डिसेंबर महिन्यात ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत वारा पडला आणि उबदार हवेचे झाकण शहरावर बसले. तेव्हा घरोघरच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून गेलेला तो सर्व 'थोडासा' धूर रस्त्यांवर उतरला. सुमारे ४,००० माणसे मेली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला आहे. सन १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानंतर विजेच्या कारखान्यांची धुराडी पुष्कळ उंच बांधण्यात आली, तेव्हा त्यांतील गंधकाचा धूर समुद्र ओलांडून नॉर्वे व स्वीडन ह्या देशांत गेला आणि तेथे आम्लाचा पाऊस होऊन पडला. तेथील तळ्यांतील मासे मेले. ह्या गोष्टीचा विचार करून सन १९७९ मध्ये जिनीव्हा येथे अनेक राष्ट्रांस करार करावा लागला. आमच्या भिंतीतील नळीत आणि त्या उंच धुराड्यांत लांबीचा काय तो भेद, बुद्धी एकच.

तर मग करावे काय? नळी उंच केली तर धूर ह्या बाईंच्या पडवीवरून जाऊन पलीकडच्या अंगणात उतरेल. ह्या विचाराने आम्ही मुळाशी गेलो आणि धूर म्हणजे काय, हे समजून घेतले. लाकूड जसे दिसते तसे एकदम जळत नाही. उष्णता लागताच त्यातून वायू निघतात. त्या वायूंस पुरेशी हवा व पुरेशी धग मिळाली, तर तेच ज्वाळा होऊन पेटतात. न मिळाली, तर तेच काळे होऊन उडून जातात. म्हणजे धूर ही लाकडाहून निराळी काही वस्तू नव्हे. धूर म्हणजे अर्धवट जळलेले लाकूड. तो जाताना उष्णता घेऊन जातो, नळीत काजळी व डांबर धरतो, आणि जे उरते ते शेजाऱ्याच्या छातीत ठेवितो. ओले लाकूड घातले म्हणजे हे अधिकच होते. कारण नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते, आणि ते उकळून घालविण्यातच विस्तवाची शक्ती खर्च होते. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन ह्याने सन १७४२ च्या सुमारास लाकडाची एक नवी शेगडी रचिली, आणि ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून तिचा मक्ता घेण्याचे नाकारिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच गृहस्थाने म्हातारपणी, आपला धूर आपणच जाळून टाकील अशा शेगडीवरही परिश्रम केले, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

येथे आम्हांस आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. पीडा टाळण्याच्या दोन रीती आहेत. एक, ती बाहेर घालविणे. दुसरी, ती आपल्याच घरी जाळून संपविणे. पहिल्या रीतीने घर स्वच्छ होते, जग स्वच्छ होत नाही. दुसरीत श्रम अधिक आहेत, परंतु तिच्यात कोणाच्या नावावर काही उरत नाही. आमच्या चुलीचे 'निर्धूर' हे नावच आम्हांस फसवीत होते. ती निर्धूर नव्हती. आमच्यापुरती निर्धूर होती.

आधी आम्ही आमचा हट्ट सोडिला आणि उरलेला पावसाळाभर त्या चुलीत विस्तव घातला नाही. पाऊस ओसरल्यावर नळी कौलांतून वर काढून आढ्याच्या वर दोन हात नेली, तिच्यावर टोपी बसविली आणि सांध्याभोवती पत्रा घातला. परंतु एवढ्यावर थांबलो नाही. चुलीत खालून हवा यावी म्हणून जाळी बसविली. लाकूड मनगटाएवढे फोडून, जमिनीपासून वर दगडांवर रचून, छपराखाली ठेवू लागलो. पावसाची बेगमी वैशाखात न करिता माघापासूनच करू लागलो. चुलीचे तोंड कोंबून भरण्याचे सोडून दोन-तीन लाकडे पुढे सारीत जाण्याची सवय केली. दर पंधरा दिवसांनी नळीतील काजळी काढितो. आता नळीच्या टोकाशी पाहिले तर पेटविण्याच्या वेळेखेरीज धूर क्वचित दिसतो, आणि पूर्वी तीन दिवसांत संपणारा भारा चार-पाच दिवस पुरतो. जो शेजाऱ्यास त्रास होता तोच आमचा तोटाही होता, हे आम्हांस उशिरा कळले.

एक चूक मात्र आम्ही पुन्हा करणार होतो. प्रायश्चित्ताच्या भरात आम्ही ठरविले, की शेजारच्या त्या बाईंसही अशीच चूल आपल्या खर्चाने घालून द्यावी. गवंड्यास निरोपही धाडणार होतो. तेव्हा आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, आधी त्यांना विचारा तरी." विचारले, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या मापाच्या भांड्यांस ती तोंडे मोठी होती. माळ्यावर टांगलेले भाजीचे बियाणे आणि कौलांखालचे वासे चुलीच्या धुराने किडीपासून राखले जातात, हा त्यांचा जन्माचा अनुभव होता. त्यांस चूल नको होती. त्यांस सुके लाकूड हवे होते, कारण चार महिन्यांचे सरपण साठवावयास त्यांच्या घरी कोरडी जागाच नव्हती. आता आमच्या पडवीतील रचलेल्या लाकडांत एक रास त्यांची आहे. त्यांच्या चुलीचा धूर पूर्वीहून पुष्कळ कमी झाला आहे, आणि त्यासाठी नवी चूल लागली नाही.

ही गोष्ट आमच्या घरापुरती नाही. आपल्या देशात चुलीच्या सुधारणेचे प्रयत्न जुने आहेत. सन १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा ह्या ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाने त्याचे काम चालविले. तेथील मगनवाडीत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. पुढे हैदराबादेस एस. पी. राजू ह्यांनी धुराड्याची चूल रचिली, आणि तिच्यावरील त्यांचे पुस्तक मद्रास येथील ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. सन १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सन २००२ मध्ये तो संपेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली देशात घातल्या गेल्या. इतक्या चुली घातल्यावर खेड्यांतील धूर संपावयास हवा होता. तो संपला नाही. ओडिशातील ४४ गावांत सुमारे २,६०० कुटुंबांच्या घरी काही वर्षे पाहणी करून तीन अर्थशास्त्रज्ञांनी ह्याचे कारण शोधिले. नवी चूल आल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढे तो लाभ उरला नाही, कारण चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत, फुटल्या त्या दुरुस्त झाल्या नाहीत, नळ्या साफ झाल्या नाहीत. चूल घालणे हे एका दिवसाचे काम आहे; ती राखणे हे रोजचे आहे. आणि जी बाई ती रोज राखणार, तिला आधी विचारले नसेल, तर ती कोणासाठी व का राखील?

आमच्या वाचकांत गावोगाव फिरून शिकविणारे पुष्कळ बंधू आहेत. त्यांस आमची एक विनंती आहे. हा लेख वाचून कोणाच्या धुरकट घरात जाऊन ओल्या लाकडाबद्दल दोष देऊ नये. ज्या बाईस रोजच्या मजुरीनंतर रोजची मोळी आणावी लागते, तिला लाकूड वाळविण्यास दिवस कोठे आहेत आणि छप्पर कोठे आहे? ज्याच्यापाशी पडवी आहे त्याचे कर्तव्य मोठे. ज्याच्यापाशी नाही त्याचे लहान. सुके लाकूड हे केवळ शहाणपणाचे फळ नव्हे, ते सवडीचे व जागेचेही फळ आहे. ज्यांस ही सवड मिळाली आहे त्यांनी प्रथम आपली नळी कोणाच्या दाराकडे वळली आहे ते पाहावे, आणि मग दुसऱ्यास उपदेश करावा.

आणि नळी चुलीचीच असते असे नाही. घरातील राग गड्यामाणसांवर निघतो, थोरांची काळजी मुलांवर लोटली जाते, मंडळीतील मतभेद बाहेरच्या निरपराध माणसाच्या अब्रूवर जाऊन बसतात. आपले घर शांत होते, आणि आपण त्या शांतीबद्दल आभारही मानितो. अशा वेळी बाहेर जाऊन एकदा पाहून यावे, की आपण जे घालविले ते कोठे उतरले आहे.

परवा त्या वृद्ध बाई पुन्हा आल्या होत्या. आम्ही विचारले, "आता पडवीत उजेड आहे ना?" त्या म्हणाल्या, "उजेड आहे. पण वारा फिरला की कधी कधी येतो हो थोडा." आम्ही मान खाली घातली. वारा फिरल्यावर आमचा उरलेला धूर कोणाकडे जातो, हे पाहण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते आमच्या वाचकांच्याही घरी शिल्लक असल्यास, त्यांनी त्याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.